फिलॉसॉफिकल थिऑलॉजीत मास्टर्स करायचंय? आधी प्रश्न शोधा

फिलॉसॉफिकल थिऑलॉजी, म्हणजे ईश्वराविषयीच्या सिद्धांतांचा तर्काने अभ्यास, शिकायची आहे, कुठे अर्ज करू, असं विचारत वसईतून, नगरमधून, कधी कोल्हापूर-सोलापूरकडून मुलं माझ्यापर्यंत पोहोचतात. बहुतेकांकडे विद्यापीठांची यादी तयार असते: ऑक्सफर्ड, केंब्रिज, येल, ल्युवेन. मी ती आधी बाजूला ठेवायला सांगते. या विषयात विद्यापीठ तिसऱ्या-चौथ्या पायरीवर येतं. पहिली पायरी म्हणजे तुम्हाला स्वस्थ बसू न देणारा प्रश्न, आणि तो एखाद्या ग्रंथातल्या नेमक्या जागेवर बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. हे ज्याला जमलं त्याची पुढची निम्मी कामं सोपी होतात. कुठली भाषा शिकायची, कुणाच्या हाताखाली शिकायचं, अर्जात काय लिहायचं, हे सगळं त्या प्रश्नावरून ठरत जातं.

मी वसईची, कॅथलिक शेतकरी घरातली. मुंबईत तत्त्वज्ञानात बी.ए. आणि एम.ए. केलं, त्यानंतर बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठात थिऑलॉजीचं मास्टर्स. मी सिस्टर नाही, कधी होणारही नव्हते. थिऑलॉजी शिकायला निघाले तेव्हा मावशीने पहिला प्रश्न हाच विचारला होता, "मग काय, कॉन्व्हेंटात जाणार का?" आता पदवीच्या मुलांना तत्त्वज्ञान शिकवते. हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर माझ्यासारखीच मुलं आहेत: ज्यांना धर्मगुरू व्हायचं नाही, पण ईश्वराविषयी शिस्तीने विचार करायला शिकायचं आहे. ती मुलं ख्रिस्तीच असली पाहिजेत असं मुळीच नाही.

विषय नेमका कोणता

धर्माचं तत्त्वज्ञान आणि फिलॉसॉफिकल थिऑलॉजी यांच्यातली सीमा पुसट आहे, तरी अर्ज करण्यापूर्वी फरक कळलेला बरा. धर्माचं तत्त्वज्ञान थोडं बाहेर उभं राहून विचारतं: ईश्वर आहे असं मानायला आधार काय? जगात इतकं दुःख असताना सर्वशक्तिमान आणि दयाळू ईश्वर कसा मानायचा? फिलॉसॉफिकल थिऑलॉजी एखाद्या परंपरेच्या आत शिरते आणि तिथल्या सिद्धांतांना तर्काची कसोटी लावते. ईश्वर कालातीत असेल तर तो आजची प्रार्थना ‘ऐकतो’ म्हणजे काय होतं? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तीन, तरी ईश्वर एकच, या विधानात विसंगती आहे की नाही? ईश्वराला उद्या मी काय करणार हे ठाऊक असेल तर मी मोकळी आहे का?

हे काम युरोपातच होत आलं असं समजू नका. न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वर अनुमानाने सिद्ध करायला घेतला. रामानुजांनी श्रीभाष्यात ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या सूत्रावर लिहिताना नेमकं उलट म्हटलं, की ईश्वर अनुमानाचा विषयच नाही, तो केवळ शास्त्रातून कळतो. मीमांसक कुमारिल तर वेदप्रामाण्याचा कट्टर पुरस्कर्ता असून सृष्टिकर्त्याचं खंडन करतो. तिघेही आस्तिक, म्हणजे वेद मानणाऱ्या दर्शनांतले, आणि वाद तरी केवढा! ज्या विद्यार्थ्याला हा वाद ठाऊक आहे, तो अँसेल्म किंवा अक्वायनस यांच्यासारखे मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत वाचायला बसतो तेव्हा त्याचे कान आधीच तयार असतात.

प्रश्न कसा सापडतो

माझंच उदाहरण देते, कारण ते मला आतून ठाऊक आहे. थॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’च्या पहिल्या भागात तेरावा प्रश्न आहे, ईश्वराच्या नावांविषयी. त्यात 12 कलमं. ‘ईश्वर चांगला आहे’, ‘ईश्वर जिवंत आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा त्या शब्दांतून ईश्वराविषयी खरोखर काही सांगितलं जातं का, हा दुसऱ्या कलमाचा मुद्दा. बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदीस म्हणाला होता, अशा विधानांचा अर्थ फक्त नकारार्थी घ्यायचा. ‘ईश्वर जिवंत आहे’ म्हणजे तो निर्जीव वस्तूंसारखा नाही, एवढंच. अक्वायनस हे मान्य करत नाही. त्याचं म्हणणं, शब्द ईश्वराविषयी खरं काही सांगतात, पण सांगण्याची आपली रीत तोकडी पडते.

हे वाचताना मला ‘अमृतानुभवा’चा पाचवा अध्याय आठवला. ज्ञानदेव तिथे सत्, चित् आणि आनंद ही तीन पदं हातात घेतात आणि दाखवतात, की ही पदं आत्म्याचं वर्णन म्हणून टिकत नाहीत, ती असत्, जड आणि दुःख यांना दूर सारण्यापुरतीच आहेत. मग ज्ञानदेव मैमोनिदीसच्या बाजूला बसतात का? मला आधी तसंच वाटलं होतं. पण पुढे सहाव्या अध्यायात शब्दाचं आणि सातव्यात अज्ञानाचं खंडन येतं, आणि जे मुळात नाहीच त्याला दूर सारण्याचं काम तरी शब्दाने कसं करावं, असा प्रश्न उभा राहतो. म्हणजे नकारालाही तिथे जागा उरत नाही. अक्वायनस 1274 मध्ये वारला. ज्ञानदेवांचा जन्म परंपरेने 1275चा मानतात. एकमेकांची गंधवार्ता नसलेली ही दोन माणसं एकाच अडचणीपाशी येऊन दोन वेगळ्या वाटांनी गेली, त्या वाटा कुठे फुटल्या हे मला शोधायचं होतं. पुढे माझा प्रबंध यावरच झाला.

तुम्हाला असा प्रश्न हवा असेल तर एकच ग्रंथ घ्या, आणि त्यातलाही छोटा भाग. अँसेल्मच्या ‘प्रॉस्लोगियन’चे दुसरा ते चौथा अध्याय घेतले तरी चालतील, दहा मिनिटांत वाचून होतात. मग युक्तिवाद आपल्या मराठीत, क्रमाने, एकेक वाक्य वेगळं करून लिहा. कुठल्या वाक्यापाशी हात अडखळतो ते बघा. त्या वाक्याविरुद्ध जेवढा भक्कम आक्षेप घेता येईल तेवढा घ्या आणि मग मूळ लेखकाच्या बाजूने त्याला उत्तर द्या. अक्वायनसचं प्रत्येक कलम याच घाटाचं असतं: आधी आक्षेप, मग उलट बाजूचं एखादं वचन, मग स्वतःचं मत, शेवटी आक्षेपांना एकेक उत्तर. आपल्याकडच्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची सवय असलेल्याला हा घाट लगेच ओळखीचा वाटतो. पाच-सहा महिने दर आठवड्याला असं एक पान लिहिलं, तर तुमचा प्रश्न त्यातूनच वर येईल.

‘विज्ञान आणि धर्म’, ‘पूर्व आणि पश्चिम’, ‘गीता आणि बायबल’ हे प्रश्न नव्हेत. प्रवेश समितीला असे विषय रोज दिसतात.

आपल्याच अंगणातली माणसं

मराठी विद्यार्थ्याला या विषयात एक मोठी ठेव आयती मिळालेली आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. नीळकंठशास्त्री गोरे घ्या. 1825 चा जन्म, काशीत वाढलेला चित्पावन ब्राह्मण पंडित. ख्रिस्ती धर्माचं खंडन करायला म्हणून बसला आणि 1848 मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला. त्याने सहा दर्शनांवर लिहिलेल्या चिकित्सेचं इंग्रजी भाषांतर 1862 मध्ये निघालं. त्याचे युक्तिवाद सगळेच पटतात असं नाही, काही ठिकाणी तो वेदान्त्यांवर अन्याय करतो असं मला वाटतं. पण दोन्ही परंपरा आतून जाणणाऱ्या माणसाचं ते लिखाण आहे. पंडिता रमाबाईंच्या वैचारिक प्रवासातही त्याचा वाटा आहे.

पुण्यात नगर रोडवर रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठ आहे. ही संस्था आधी श्रीलंकेत कँडीला होती, 1955 मध्ये पुण्याला आली. तिथल्या डी नोबिली कॉलेजात रिचर्ड डी स्मेट (1916–1997) या बेल्जियन जेझुइटाने, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघातल्या धर्मगुरूने, वर्षानुवर्षं शिकवलं. शंकराचार्यांची थिऑलॉजीची पद्धत हा त्याच्या रोममधल्या डॉक्टरेटचा विषय होता. शंकराचार्य जगाला निव्वळ भास म्हणतात हे वाचन त्याने नाकारलं आणि अक्वायनसच्या ‘सृष्टी पूर्णपणे ईश्वरावलंबी आहे’ या मताशी त्यांचं नातं दाखवलं. सारा ग्रँट या सिस्टरने हाच धागा पुढे नेला. मुंबईच्या सोफिया कॉलेजात तिने तत्त्वज्ञान शिकवलं, पुढे पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिली आणि शंकराचार्यांच्या संबंधविचारावर पुस्तक लिहिलं. ल्युवेनला गेल्यावर मला कळलं, की तुलनात्मक थिऑलॉजीत, म्हणजे दोन परंपरा शेजारी ठेवून केलेल्या ईश्वरविचारात, ही नावं आदराने घेतली जातात. मी पुण्यापासून इतकी जवळ राहून ती तिकडे ऐकावीत याची चुटपुट मला बरेच दिवस होती.

अंमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर, प्रताप शेठजींच्या देणगीतून 1916 मध्ये उभं राहिलेलं, हेही याच नकाशावरचं ठिकाण. अद्वैतावर गंभीर काम करणाऱ्यांचा तो एके काळी मठच होता. साने गुरुजीही तिथे अभ्यासाला गेले होते. मराठीत पारिभाषिक शब्द अडले तर दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ उघडा. तीन खंड आहेत, जुन्या ग्रंथालयांत मिळतो, आणि अजून त्याला तोड नाही.

दारं कोणती

भारतात तीन रस्ते आहेत आणि ते एकमेकांत सहज मिसळत नाहीत, म्हणून आधीच नीट बघून घ्या.

कॅथलिक चर्चच्या विद्याशाखांत पदव्यांची शिडी ठरलेली असते: बॅकलॉरिएट, मग दोन वर्षांचं लायसेन्शिएट, मग डॉक्टरेट. ज्ञानदीप या वर्गातलं. तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजी अशा दोन्ही शाखा तिथे आहेत, आणि प्रापंचिक मुलामुलींनाही तिथे शिकता येतं. वर्गात बहुसंख्य धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारे सेमिनारीतले ब्रदर असतील, हे गृहीत धरून जा. साध्या विद्यापीठाची बी.ए. घेऊन गेलात तर आधी काही पायाभूत पेपर करावे लागतील का, हे कार्यालयात जाऊन लेखी विचारा.

प्रोटेस्टंट बाजूला बंगालमधल्या सेरामपूरची व्यवस्था आहे. केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी 1818 मध्ये काढलेलं ते कॉलेज, 1827 च्या डॅनिश सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. आज बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, पुण्यात बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी अशा अनेक संस्था सेरामपूरच्या सिनेटशी जोडलेल्या आहेत. इथे आधी बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) आणि मग दोन वर्षांचं एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी). बी.डी.चा टप्पा चुकवता येत नाही, आणि तो लांब आहे.

तिसरा रस्ता नेहमीच्या विद्यापीठातून तत्त्वज्ञानात एम.ए. करण्याचा. माझं स्पष्ट मत सांगते: पुढे कॉलेजात शिकवायचं मनात असेल, तर बाकी काहीही करा, पण हे एम.ए. करून ठेवा. नेट आणि सेट तत्त्वज्ञानात देता येते, नेटला धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासाचा वेगळा विषयही आहे. चर्चच्या पदव्या चर्चच्या जगात मोलाच्या आहेत, पण सरकारमान्य प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत समकक्षतेचा कागद शोधत बसायची वेळ येऊ शकते. ज्यांची पदवी इंजिनिअरिंगची किंवा कॉमर्सची आहे त्यांनी तर थेट परदेशी अर्ज करण्याआधी इथलं एम.ए. नक्की करावं. तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचा इतिहास पक्का नसेल तर पुढे प्रत्येक सेमिनारला दम लागतो.

परदेशी जायचं तर

इथे सगळ्यात आधी घराणं ओळखा. इंग्रजी बोलणाऱ्या जगात या विषयावर विश्लेषक तत्त्वज्ञानाची छाप आहे. आल्विन प्लँटिंगा आणि रिचर्ड स्विनबर्न या दोघांनी 1960–70च्या दशकांत हा विषय तिथे पुन्हा उभा केला. अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठात धर्माच्या तत्त्वज्ञानाचं केंद्र आहे. ऑक्सफर्डला नॉलोथ अध्यासन आहे, त्यावर स्विनबर्न होते. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला 2016 पासून लोगोस संस्था आहे, तिथे विश्लेषक तत्त्वज्ञान आणि बायबलचा अभ्यास एकत्र चालतो. अशा ठिकाणी निबंध म्हणजे व्याख्या, आधारविधानं, प्रतिउदाहरणं. केंब्रिजला नॉरिस-हल्स अध्यासनाभोवतीचं वातावरण वेगळं, इतिहासाकडे आणि प्लेटोकडे झुकलेलं. ल्युवेनला हुसर्लची हस्तलिखितं आहेत. नाझी राजवटीतून ती फादर व्हान ब्रेडाने 1938 मध्ये बाहेर काढली. त्यामुळे तिथे हुसर्लच्या फेनॉमेनॉलॉजीचा, म्हणजे अनुभव जसा येतो तसा तपासणाऱ्या तत्त्वज्ञानाचा, वास भिंतींना आहे: हायडेगर, लेविनास, मारिओं हे तिथले रोजचे लेखक. दोन्ही घराण्यांचं एकेक प्रकरण वाचून बघा. एकात तुम्हाला मोकळा श्वास घेता येईल, दुसऱ्यात गुदमरल्यासारखं होईल. विद्यापीठाच्या नावापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं आहे.

तुलनात्मक थिऑलॉजी हवी असेल तर हार्वर्डचे फ्रान्सिस क्लूनी यांचं लेखन वाचा. ते जेझुइट आहेत आणि श्रीवैष्णव आणि मीमांसा ग्रंथांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं आहे.

ब्रिटनमधलं मास्टर्स बहुधा एका वर्षाचं, अमेरिकेत डिव्हिनिटी स्कूलचं एमटीएस (मास्टर ऑफ थिऑलॉजिकल स्टडीज) किंवा एमएआर (मास्टर ऑफ आर्ट्स इन रिलिजन) दोन वर्षांचं. एका वर्षाच्या ब्रिटिश पदवीला भारतात मान्यता मिळण्याचा प्रश्न पूर्वी छळायचा. जुलै 2022 मध्ये दोन्ही देशांत पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला, त्याने वाट सोपी झाली.

भाषा

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मुलं नेमकं इथेच अंग चोरतात. मास्टर्सला बऱ्याच ठिकाणी भाषेची सक्ती नसते. तरीही एक मूळ भाषा घेऊन जा. माझ्या प्रश्नाला लॅटिन लागत होती. जॉन कॉलिन्सचं चर्चच्या लॅटिनचं क्रमिक पुस्तक घेतलं, संध्याकाळी एक तास, आणि पहिले धडे संपताच सुम्माचं एकेक कलम समोर ठेवून वाचायला लागले. अक्वायनसची लॅटिन या कामाला फार सोयीची आहे: वाक्यं छोटी, शब्दसंपदा मर्यादित, तीच रचना पुन्हा पुन्हा येते. सिसेरोपासून सुरुवात केलीत तर वर्षभरात सोडून द्याल. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना विभक्तींची भीती नसते, हा मोठाच फायदा. संस्कृतच्या आठ विभक्ती पाठ केलेल्या मुलीला लॅटिनच्या सहा जड जात नाहीत.

प्रश्न नव्या करारातला किंवा पूर्वेकडच्या धर्मपित्यांचा, म्हणजे सुरुवातीच्या शतकांतल्या ग्रीक ख्रिस्ती लेखकांचा असेल तर ग्रीक. शंकराचार्य-रामानुज असतील तर संस्कृत, आणि ते भाष्य वाचण्याइतकं. सुभाषितांपुरतं चालणार नाही. भाष्याची शैली पंडितांकडे बसूनच कळते. पुण्यात अजून असं शिकवणारे आहेत, त्यांच्या पायाशी एक उन्हाळा बसा. आधुनिक भाषांत जर्मन किंवा फ्रेंच, वाचता येण्यापुरती. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून पुण्यातल्या कितीतरी पिढ्या या भाषा शिकल्या.

अर्ज

तीन गोष्टींवर निकाल लागतो: लेखनाचा नमुना, हेतुपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज), शिफारसपत्रं. त्यांत लेखनाचा नमुना सगळ्यात वजनदार, आणि आपली मुलं तोच शेवटच्या आठवड्यात उरकतात. एम.ए.च्या परीक्षेत लिहितो तसा आढावा नको, की अमुक म्हणतो असं, तमुक म्हणतो तसं आणि शेवटी दोघांचा समन्वय. एकच दावा करा, तो पहिल्या पानावर सांगा, आणि त्याच्यावरचा सगळ्यात अवघड आक्षेप स्वतःहून पुढे आणा. समन्वयाची ओढ आपल्या हाडात आहे, पण लेख वाचणाऱ्याला तुम्ही कुठे उभे आहात हे कळलं पाहिजे.

हेतुपत्रात बालपणीची भक्ती, आजीच्या ओव्या, चर्चमधली घंटा यांनी सुरुवात करू नका. पहिल्याच वाक्यात प्रश्न ठेवा. दुसऱ्या परिच्छेदात त्यावर आजवर काय वाचलं आणि कुठे अडलात. तिसऱ्यात याच विभागात का, तिथल्या कोणत्या प्राध्यापकाच्या कोणत्या लेखामुळे. हा लेख खरोखर वाचलेला असावा, नाव टाकण्यापुरता नको.

प्राध्यापकांना आधी ईमेल करायला हरकत नाही. ती सात-आठ ओळींची असावी: मी अमुक, असं असं शिकले, तुमच्या या लेखातला हा मुद्दा वाचून मला हा प्रश्न पडला, या विषयावर पुढच्या वर्षी मास्टर्सचे विद्यार्थी घेणार आहात का? सोबत पाच जोडपत्रं नकोत. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा आणि सोडून द्या.

शिफारसपत्राचं आपल्याकडे वेगळंच दुखणं आहे. मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडून चार गोड ओळी आणण्यापेक्षा ज्या सरांनी तुमचा निबंध लाल शाईने रंगवला त्यांच्याकडून पत्र घ्या. त्यांना तुमचा लेखनाचा नमुना, हेतुपत्र आणि तारखांचा कागद दीड-दोन महिने आधी द्या. अनेक सरांना ऑनलाइन पत्र भरायची सवय नसते. त्यांच्याशेजारी बसा, पासवर्ड तयार करण्यापर्यंतच मदत करा, आणि पत्र ते लिहीत असताना खोलीबाहेर जा.

पैसा

या विषयाला बँका सहज कर्ज देत नाहीत, कारण पुढचा पगार त्यांना दिसत नाही. तेव्हा शिष्यवृत्ती हीच खरी वाट. ब्रिटनसाठी चीव्हनिंग आहे. तिला दोन वर्षांचा म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. शाळेत शिकवलेलंही अनुभवात धरलं जातं, त्यामुळे आमच्याकडच्या शिक्षक मुलींनी ती जरूर बघावी. जे. एन. टाटा एन्डाउमेंट 1892 पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते, आणि मुलाखतीत विषयाबद्दल खरोखर विचारते. अमेरिकेतल्या काही डिव्हिनिटी स्कूलमध्ये शिक्षणशुल्क पूर्ण माफ होऊ शकतं, तेव्हा शुल्काचा आकडा पाहून घाबरून यादीतून नाव काढू नका. युरोपातल्या थिऑलॉजीच्या विद्याशाखांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या असतात. तुम्ही चर्चशी जोडलेले असाल तर धर्मप्रांताच्या कार्यालयात विचारा. प्रापंचिकांना मिळत नाही असं परस्पर ठरवू नका. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिचे नियम आणि पात्र विषय त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा.

गेल्यावर

ल्युवेनला बऱ्याच परीक्षा तोंडी होतात. प्रश्न हातात मिळतो, थोडा वेळ टिपणं काढायला देतात, मग प्राध्यापकांसमोर बसून बोलायचं. गुण 20 पैकी, 10 ला पास. पाठ केलेलं उत्तर तिथे दोन मिनिटांत संपतं, कारण समोरचा लगेच विचारतो, "बरं, पण हे तुम्हाला पटतं का?" याची तयारी एकट्याने होत नाही. आठवड्यातून एकदा कुणासमोर तरी पुस्तक मिटून युक्तिवाद मोठ्याने सांगा. मी माझ्या खोलीशेजारच्या नायजेरियन फादरना सांगायचे, ते मला ऑगस्टिन समजावायचे.

वाचन थोडं पण खोल ठेवा. एका सेमिनारला दोनशे पानं नेमलेली असली तरी त्यातली वीस अशी वाचा, की लेखकाने एखादा शब्द का वापरला हे सांगता यावं.

श्रद्धा हवी का

हा प्रश्न सगळेच विचारतात, काही जण दबक्या आवाजात. चर्चच्या विद्याशाखेत काही पदव्यांसाठी आणि पदांसाठी श्रद्धेची अपेक्षा असते, विद्यापीठात नसते. माझ्या वर्गात निरीश्वरवादी होते, एक मुस्लिम मुलगी होती, आणि सर्वांत बारीक प्रश्न तीच विचारायची. एखादी परंपरा आतून कशी विचार करते हे समजून घ्यायची तयारी मात्र लागते. ज्याला आधीच ठरवून ती मोडायची आहे किंवा काही झालं तरी राखायची आहे, अशा दोघांनाही हा अभ्यास जड जातो.

माझ्या श्रद्धेचं काय झालं? ती टिकली. काही प्रार्थना आता मी पूर्वीसारख्या म्हणू शकत नाही, आणि काही पहिल्यांदाच मनापासून म्हणू लागले. घरच्यांना याची आधी कल्पना द्या. पप्पांनी मला एवढंच विचारलं होतं, "हे शिकून तू मिसाला येशील ना?" त्यांना खरं उत्तर द्यायला मला वेळ लागला, आणि त्यांनी तो दिला.

पुढे काय

नोकऱ्या कमी आहेत, हे आधीच सांगते. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणं, सेमिनारीत शिकवणं, भाषांतर, संपादन, शाळांमधलं मूल्यशिक्षण, आंतरधर्मीय संवादाच्या संस्था, आणि ज्यांना जमेल त्यांना पीएच.डी. महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांत तत्त्वज्ञानाचे विभाग आक्रसत चाललेत. म्हणून सोबत एक भाषा किंवा बी.एड. असू द्या. मी ज्या मुलांना या वाटेवर पाहिलं, त्यांत टिकली ती दुसरं काम करतानाही आपला प्रश्न सोडू न शकलेली.

बहुतेक परदेशी अर्जांच्या मुदती डिसेंबर ते मार्चमध्ये येतात. तेव्हा मार्चमध्येच ग्रंथ हातात घ्या, गणपतीपर्यंत प्रश्न एका परिच्छेदात लिहून काढा, दिवाळीच्या सुट्टीत लेखनाचा नमुना पुरा करा आणि सुट्टी संपताच तो सरांना द्या. आयईएल्टीएस किंवा टोफेल त्याआधी उरकून टाका. प्रश्न गणपती उलटूनही धूसर असेल तर त्या वर्षी अर्ज करू नका. तेरावा प्रश्न पुन्हा वाचा, दुसऱ्या कलमापासून.